दहावी-बारावी पूर्ण करण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर फोन वाढले. ‘सर, पोरगं शाळा सोडतंय म्हणतं’, ‘सर, सतरा नंबर अजून चालू आहे का’, ‘सर, नापास झालो, आता?’ हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्या राज्य शिक्षण मंडळाच्या संकेतस्थळावर बघाव्यात. इथे ज्या गोष्टी सहसा बदलत नाहीत तेवढ्याच आहेत.

१. दहावी-बारावी होऊन तरी कुठे नोकरी मिळते? पदवीवाले घरी बसलेत. मग एवढा अट्टाहास कशासाठी?

नुसत्या दहावीवर नोकरी मिळते असं मी कधीच म्हणत नाही. दहावी नसली तर अर्जच भरता येत नाही, एवढंच सांगतो. ऑनलाइन अर्जात ‘एसएससी बैठक क्रमांक’, ‘उत्तीर्ण वर्ष’, ‘टक्केवारी’ हे रकाने असतात, आणि ते रिकामे ठेवले की पुढचं पान उघडतच नाही. पोरगा हुशार आहे, हाताला काम आहे, स्वभाव चांगला आहे, यातलं काहीच त्या यंत्राला दिसत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्रतेची पट्टी दर काही वर्षांनी वर सरकते. सरकारी शिपायाच्या जागेला एके काळी चौथी-सातवी चालायची, आता दहावी लागते. अंगणवाडी सेविकेला दहावी पुरत होती, २०२३ पासून महाराष्ट्रात सेविका आणि मदतनीस दोघींनाही बारावी लागते. आज ज्या कामाला नववी चालते त्याला दहा वर्षांनी काय लागेल, हे ते काम देणाऱ्यालाही माहीत नाही. पोराचं वय तेव्हा पंचवीस-सव्वीस असेल आणि घरात दोन लेकरं असतील. त्या वयात दहावीला बसणारे मी पाहिलेत. जमतं, पण दमछाक होते.

२. पोरगा एमआयडीसीत ठेकेदाराकडे महिना पंधरा हजार कमावतोय. शाळेत बसवून ते पैसे घालवू का?

सगळ्यात अवघड प्रश्न हाच. ‘शिक्षण महत्त्वाचं आहे हो’ असं बोलून उत्तर होत नाही, कारण पंधरा हजारांवर घराचा किराणा आणि सोसायटीचा हप्ता चालतो.

आधी वय बघा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायलाही बंदी आहे. ठेकेदार आधारकार्डावरचं वय ‘जुळवून’ घेतो तेव्हा अपघाताची नुकसानभरपाईही अडकू शकते, हे आईवडिलांना कुणी सांगत नाही.

वय बसत असेल तर हिशोब असा करा. चाकणला किंवा रांजणगावला कारखान्यांत गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांत मी हेच पाहिलं: अठराव्या वर्षी नववी सोडलेला आणि आयटीआय केलेला एकाच शॉपमध्ये शेजारी उभे असतात आणि पगारात फारसा फरक नसतो. म्हणून तर पोरं म्हणतात, ‘शिकून काय उपयोग?’ फरक पाचव्या-सहाव्या वर्षी दिसतो. कंपनी कायमस्वरूपी भरती काढते किंवा मशीन बदलून नवीन प्रशिक्षण देते, तेव्हा यादी शिक्षणावर लागते. हेल्पर हेल्परच राहतो, आणि ठेका बदलला की त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू.

त्यामुळे ‘काम की शाळा’ असा प्रश्नच करू नका. त्याला काम करू द्या आणि सतरा नंबर, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसण्याचा फॉर्म, भरा (प्रश्न ७). पहिल्या पाळीतून दुपारी सुटून अभ्यास करणारी मुलं आहेत. मुंबई-पुण्यात रात्रशाळा आहेत, संध्याकाळी सहा-साडेसहाला भरतात. वर्ष-दोन वर्षं दमणूक होईल, पण घरातले पंधरा हजार जाणार नाहीत.

३. दहावीवर आणि बारावीवर थेट कोणकोणते अर्ज भरता येतात?

यादी मोठी आहे, मला नेहमी विचारली जाणारी नावं तेवढी देतो. दहावीवर: ग्रामीण डाक सेवक, कर्मचारी निवड आयोगाची ‘एमटीएस’ (केंद्रीय कार्यालयांतली शिपायासारखी पदं) आणि केंद्रीय सशस्त्र दलांची ‘जीडी कॉन्स्टेबल’ भरती, रेल्वेची लेव्हल एकची भरती, राज्यातली गट ‘ड’ ची बरीच पदं, आणि सैन्यात अग्निवीर. अग्निवीर जनरल ड्यूटीला नुसतं पास होऊन चालत नाही, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. पस्तीस-पस्तीसवर सुटलेली पोरं मैदानावर पळून पळून पाय झिजवतात आणि कागदावर अडतात.

डाक सेवकाची गंमत वेगळी आहे. तिथे लेखी परीक्षाच नाही, दहावीच्या गुणांवर यादी लागते आणि गणित व इंग्रजी हे विषय दहावीला असावे लागतात. म्हणजे पंधराव्या वर्षी पडलेले गुण पस्तिसाव्या वर्षीसुद्धा उपयोगी पडतात, कारण चाळिशीपर्यंत अर्ज करता येतो.

बारावीवर: पोलीस शिपाई, वनरक्षक (बारावीला विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांपैकी एक तरी विषय हवा), अंगणवाडी, आणि नर्सिंगचे एएनएम-जीएनएम अभ्यासक्रम. तलाठ्याला पदवी लागते. तलाठी ‘बारावीवर होतो’ म्हणून क्लासचे पैसे भरलेले दोघे जण गेल्या वर्षीच भेटले.

४. त्याला नोकरी करायचीच नाही, धंदा करायचाय. धंद्याला कुठे मार्कशीट लागते?

गल्ल्यावर बसायला लागत नाही. कर्ज, परवाना आणि एजन्सी घेताना लागते.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या वर किंवा सेवेचा पाच लाखांच्या वर गेला की किमान आठवी पास लागते. विमा एजंट व्हायला दहावी. आमच्या भागात ज्याला त्याला कृषी सेवा केंद्र टाकायचं असतं. कीटकनाशकांच्या परवान्याला आता कृषी शिक्षण मागतात. कृषी पदवी नसलेल्यांसाठी ‘देसी’ नावाचा वर्षभराचा डिप्लोमा आहे, आणि त्यालाही किमान दहावी लागते. वडिलांचं चालतं दुकान मुलाच्या नावावर करताना ही अट कळते, तेव्हा घरात जो गोंधळ होतो तो मी दोनदा पाहिलाय.

उलटंही सांगतो. जड वाहनाच्या लायसन्सला पूर्वी आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये केंद्राने काढली. तेव्हा ‘ड्रायव्हर व्हायलासुद्धा शिक्षण लागतं’ असं पोरांना घाबरवून सांगू नका. खोटं ठरलं की पुढचं खरंही ऐकत नाहीत.

५. मुलाला सौदीला किंवा दुबईला कामाला जायचंय. दहावीचा पासपोर्टशी काय संबंध?

थेट संबंध आहे. कोकणातल्या घरांत हे लहान पोरालाही माहीत असतं, आमच्याकडे मात्र एजंट सांगेल तेच खरं.

दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ म्हणजे ‘उत्प्रवास तपासणी आवश्यक’ असा शेरा येतो (पन्नाशी ओलांडलेले, आयकर भरणारे असे काही अपवाद आहेत). हा शेरा असलेल्या माणसाला नोकरीसाठी अठरा देशांत जाताना सरकारी उत्प्रवास कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिराती, मलेशिया हे सगळे त्या अठरात येतात. ही व्यवस्था १९८३ च्या उत्प्रवास कायद्यातली आहे आणि हेतू चांगलाच आहे, अडाणी मजुराची फसवणूक होऊ नये. पण मंजुरी टाळायला एजंट ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बघू’ म्हणतो, आणि फसवणूक तिथेच होते.

दहावी झाली की प्रमाणपत्र जोडून पासपोर्ट पुन्हा काढता येतो आणि तो शेरा जातो.

६. दहावीत दोन विषय गेले. वर्ष वाया गेलं का?

नाही. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर ‘एटीकेटी’वर अकरावीला प्रवेश मिळतो. राहिलेले विषय अकरावी करता करता काढायचे. ते निघाले नाहीत तर बारावीला बसता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. पुरवणी परीक्षा पूर्वी ऑक्टोबरला व्हायची, त्यात वर्ष जायचंच. २०१५ पासून ती निकालानंतर लगेच, साधारण जुलैच्या आसपास होते. सुटलेल्या विषयांना पुन्हा बसावं लागत नाही, राहिलेलेच द्यायचे.

गुण कमी वाटत असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, आणि खरोखर चूक दिसली तरच पुनर्मूल्यांकनाला जा. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन होत नाही. मी तपासनीस होतो म्हणून सांगतो: बेरजेची चूक क्वचित सापडते, तेहतीसचे अचानक साठ होत नाहीत.

आणि एक. २०२५ च्या मार्चला राज्यात सुमारे १५ लाख ४६ हजार नियमित मुलं दहावीला बसली, १४ लाख ५५ हजार पास झाली, निकाल ९४.१० टक्के. पेढ्यांचे फोटो त्यांचेच छापून येतात. उरलेली नव्वद हजारांच्या वर मुलं त्या दिवशी घरात कुठल्या खोलीत बसलेली असतात, हे त्यांच्या आयांना ठाऊक असतं. निकालाच्या दिवशी मुलाला एकटं सोडू नका आणि त्या दिवशी कुणाच्या टक्क्यांशी तुलना करू नका. पुढचा फॉर्म भरायला आठवडा-दोन आठवडे असतात, ती चर्चा तिसऱ्या दिवशी करा.

७. शाळा सोडून सहा वर्षं झाली. आता परत दहावी देता येईल का? सतरा नंबर म्हणजे नक्की काय?

देता येते. ‘सतरा नंबर’ म्हणजे शाळेत न जाता, बाहेरून दहावी-बारावीला बसण्यासाठीचा राज्य मंडळाचा फॉर्म. दहावीसाठी किमान पाचवी पास आणि वय चौदा पूर्ण हवं, बारावीसाठी दहावी पास हवं. वरची वयोमर्यादा नाही.

फॉर्म ऑनलाइन भरायचा, साधारण जुलै ते सप्टेंबरात. लोक डिसेंबरात फोन करतात, तेव्हा गाडी सुटलेली असते. लागणारी कागदपत्रं: शाळा सोडल्याचा मूळ दाखला, आधार, फोटो. भरताना जवळची एक शाळा ‘संपर्क केंद्र’ म्हणून निवडावी लागते. अंतर्गत गुण आणि प्रात्यक्षिकं त्या शाळेत होतात, म्हणून फॉर्म भरला की तिथे जाऊन लिपिकाला आणि विज्ञानाच्या शिक्षकांना तोंड दाखवून या. बरीच पोरं थेट हॉल तिकिटाच्या दिवशी उगवतात आणि मग वीसपैकी गुण कुठून आणायचे हा प्रश्न पडतो.

प्रमाणपत्र त्याच मंडळाचं, पुण्याच्या राज्य मंडळाचंच मिळतं. ‘बाहेरून केली म्हणून चालत नाही’ हे चावडीवरचं ज्ञान आहे.

८. गणित पाच वेळा गेलं. सहाव्यांदा बसू का?

आधी बघा, कुठे अडतंय. माझ्या अनुभवात पाच वेळा नापास होणारा मुलगा दहावीच्या गणितात अडलेला नसतोच, तो पाचवीच्या अपूर्णांकात अडलेला असतो. त्याला गाईड देऊन उपयोग नाही. दोन महिने बसवून अपूर्णांक, टक्केवारी, ऋण संख्या करून घ्या, मग बीजगणिताची एक-दोन आणि भूमितीची एक-दोन प्रकरणं पक्की करा. पस्तीसपुरतं तेवढं होतं.

तरीही नाहीच झालं तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. तिथे माध्यमिकला पाच विषय घ्यायचे असतात आणि गणित सक्तीचं नाही. मराठी माध्यमही आहे. राज्य मंडळात सुटलेले जास्तीत जास्त दोन विषय तिकडे वळवून घेता येतात. एकदा नोंदणी केली की पाच वर्षं मुदत असते आणि वर्षातून दोनदा परीक्षा होते, एप्रिल-मेला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला.

गणित सोडण्याची किंमत मात्र आधी सांगून ठेवतो. डाक सेवक गेलं (प्रश्न ३), पॉलिटेक्निकलाही अडू शकतं. पोराला नक्की कुठे जायचंय ते ठरवून मग विषय सोडा.

९. मुलगा नववीत नापास झाला. शाळा म्हणते, ‘दाखला घेऊन जा, सतरा नंबर भरा.’ काय करू?

शांतपणे ‘नाही’ म्हणा. असं का होतं ते स्पष्ट लिहितो. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंत. नववीपासून ते संरक्षण संपतं. दहावीच्या निकालाची टक्केवारी शाळेच्या फलकावर लागते, म्हणून काही शाळा कच्ची मुलं नववीतच गाळतात. त्यांचा निकाल शंभर टक्के लागतो आणि तुमचं पोरगं कुठल्याच आकड्यात राहत नाही. मी ज्या शाळांत होतो त्यांतल्या एकीत हे व्हायचं, आणि स्टाफरूममध्ये आम्ही बहुतेक जण गप्प बसायचो.

मुलाला त्याच शाळेत पुन्हा नववीत बसायचं आहे असं लेखी द्या, पोच घ्या. ऐकलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. सतरा नंबर हा शाळा सुटलेल्यांसाठी आहे. चौदा-पंधराच्या मुलाला वर्ग, मित्र आणि रोजची घंटा लागते, घरी बसून तो अभ्यास करील ही आशा शक्यतो धरू नका.

१०. आठवीवर आयटीआय होतं म्हणतात. मग दहावी कशाला?

होतं. वेल्डर, वायरमन, सुतारकाम, शिवणकाम अशा काही ट्रेडना आठवी पास किंवा दहावी नापास चालतात. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना दहावी लागते. पोरगं पुस्तकाला अजिबात बसत नसेल तर वेल्डर होऊन बाहेर पडलेलं बरंच. चांगल्या वेल्डरला काम शोधावं लागत नाही.

मात्र पुढे भरतीच्या जाहिरातीत ‘दहावी पास आणि आयटीआय’ असं लिहिलेलं असतं, त्यातल्या ‘आणि’वर अडतं. त्यावर सोय आहे: दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना भाषा विषय देऊन दहावीची, आणि दहावीनंतर आयटीआय केलेल्यांना बारावीची समकक्षता मिळवता येते. आयटीआयच्या प्राचार्यांकडे चौकशी करा. बहुतेक पोरांना ही सोय पास होऊन चार वर्षांनी कळते.

११. दहावीनंतर बारावी, आयटीआय की डिप्लोमा?

यावर लोकांना एका ओळीचं उत्तर हवं असतं, ते देता येत नाही. एक मात्र सांगतो. आयटीआय किंवा डिप्लोमा घेतला म्हणजे वरचा रस्ता बंद होतो असं नाही. दोन वर्षांचं आयटीआय करून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि डिप्लोमा करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. रस्ता लांबचा, पण मधल्या प्रत्येक थांब्यावर हातात काहीतरी असतं. अकरावी सायन्सला शेजाऱ्याचा मुलगा गेला म्हणून जाणारी मुलं बारावीत आपटतात, आणि त्यांच्या हातात फक्त दहावी उरते. माझ्या मते सर्वांत महागडा निर्णय तोच.

१२. मुलगी दहावीपर्यंत शिकली, आता कॉलेज तालुक्याला. कोण पाठवणार? स्थळंही येताहेत.

अठराच्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि त्यात आईवडील, भटजी, मंडपवाला सगळेच सापडतात. १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर कुणीही फोन करू शकतं. कायद्याचं एवढंच.

पाठवण्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत आहे. एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत मोफत आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. म्हणजे अशा घरातल्या बारावी झालेल्या मुलीला पुढे नर्सिंग, फार्मसी, इंजिनीअरिंगचं शिक्षण शुल्क नाही, पण त्या दारापर्यंत जायला बारावी लागतेच.

अडचण बहुतेक वेळा पैशांची नसतेच, पाच वाजताच्या एसटीची असते. ती गाडी रद्द झाली की मुलगी अंधार पडेपर्यंत स्टँडवर उभी राहते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. गावातल्या पाच-सहा पालकांनी मिळून आगार प्रमुखांना अर्ज दिला तर गाडीची वेळ बदलते. आमच्याकडे दोनदा बदलली आहे. वाढत्या वयाच्या मुलीबद्दल आईच्या मनात येणारी भीती मी खोटी म्हणत नाही, पण ती शाळा बंद करून जात नाही.

१३. आम्ही ऊसतोडीला जातो. परीक्षा हंगामातच येते. पोराला कुठे ठेवू?

दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि मार्च-एप्रिलला परततात. दहावीची परीक्षा आता फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू होते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल फिटेना म्हणून पंधरा-सोळाचं पोर तिसरा हात होतं. हे सगळं ठाऊक असून ‘शाळेत पाठवा’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, आणि जूनमध्येच करा. जागा नसेल तर आजी-आजोबांकडे ठेवा. नववी आणि दहावी ही दोन वर्षं पोराला फडावर नेऊ नका, एवढंच माझं मागणं असतं. नेलंच, तर शाळेचा दाखला काढू नका. दाखला काढला की पोर शाळेच्या पटावरून जातं, आणि परतल्यावर त्याला कुणी विचारत नाही.

१४. मुलाला अक्षरं उलटसुलट दिसतात, पण डोकं चांगलं आहे. त्याला काही सवलत?

आहे. अध्ययन अक्षमता आणि इतर दिव्यांगत्व असलेल्यांना मंडळ जादा वेळ, लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर अशा सवलती देतं. अधिकृत रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं आणि अर्ज शाळेमार्फत जातो. तपासणीला महिने लागतात, त्यामुळे नववीतच सुरुवात करा. ‘आळशी आहे’ म्हणून मी स्वतः ज्यांना बाकावर उभं केलं, त्यांतली दोन-तीन मुलं अशीच होती, हे मला फार उशिरा कळलं.

१५. मार्कशीटवर नाव किंवा जन्मतारीख चुकली आहे. चालून जाईल?

चालून जात नाही. पुढची सगळी कागदपत्रं दहावीच्या प्रमाणपत्रावर उभी राहतात. दुरुस्तीचा प्रस्ताव शाळेच्या मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, आणि जितका उशीर तितके हेलपाटे. दहावीचा फॉर्म भरल्यावर शाळा तपासायला यादी देते, तेव्हाच बापाच्या नावाची वेलांटीसुद्धा बघून घ्या. प्रमाणपत्र हरवलं असेल तर विभागीय मंडळाकडून दुसरी प्रत मिळते, आणि अलीकडच्या वर्षांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवरही सापडतात.

१६. एक जण म्हणतो, ‘पंधरा हजार द्या, परीक्षा न देता दहावीचं सर्टिफिकेट घरपोच.’ खरं असतं का?

कागद घरपोच येतो, त्यातली दहावी खोटी असते. भलत्याच राज्याच्या नावाच्या बोगस ‘बोर्डां’ची ही प्रमाणपत्रं पहिल्या कागदपत्र पडताळणीत पकडली जातात, आणि मग नोकरी जाऊन वर गुन्हाही दाखल होतो. ‘पेपर लिहायला माणूस बसवतो’ हाही असाच धंदा आहे. १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार कायद्याखाली त्यात दोघेही अडकतात. पंधरा हजारांत सतरा नंबरची फी आणि वर्षभराची शिकवणी होऊन पैसे उरतात.

१७. माझ्याकडे मुक्त विद्यापीठाची पदवी आहे, पण बारावी झालेली नाही. भरतीत अडेल का?

अडू शकतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांना पूर्वतयारीच्या परीक्षेवर पदवीला प्रवेश दिला. शाळा सुटलेल्या कितीतरी बायकांना आणि कामगारांना त्यामुळे पदवी मिळाली, आणि मला त्या सोयीचं मोल वाटतं. पदवी खरी आहे. पण काही जाहिराती दहावी, बारावी आणि पदवी असा क्रम मागतात, तिथे मधली पायरी रिकामी दिसते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही ‘बारावी’च्या रकान्यात हाच प्रश्न पडतो.

अर्जाआधी जाहिरातीच्या पात्रतेच्या परिच्छेदात ‘किंवा समकक्ष’ हे शब्द आहेत का ते शोधा. असतील तर समकक्षता कुणाची मानली आहे ते तिथेच किंवा शासन निर्णयात सापडतं, आणि तो कागद अर्जासोबत ठेवा. शब्द नसतील तर भरती कार्यालयाला लेखी विचारा, तोंडी उत्तरावर फी भरू नका. पुढेही भरत्या द्यायच्या असतील तर सरळ सतरा नंबरने बारावी देऊन टाका. पदवीधर झाल्यावर बारावीला बसलेल्या एक बाई आमच्या केंद्रावर होत्या. पर्यवेक्षक त्यांना पालक समजून बाहेर थांबायला सांगत होते.